पालखीच्या वाटेवरचे सण आणि आमच्या भाकऱ्या

आज बचत गटाचा हिशोब नाही आणि कर्जाच्या हप्त्याची आठवणही नाही. रेडिओवरच्या ताई म्हणाल्या, तुम्ही इतिहास घेऊन बीए केलंय, तर या महिन्यात इतिहासावर बोला. मी म्हटलं, शिवाजी महाराजांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्यावर बोलते.

आपल्या फलटण तालुक्यात वर्षाचं गणित सोपं आहे. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळलं, की आठव्या दिवशी आळंदीतून माउलींची पालखी निघते. मग घरात लगबग सुरू होते. पालखी येते, जाते. आषाढी एकादशी झाली की दोन-चार दिवसांत बेंदूर येतो, बैलांची शिंगं रंगतात, आणि मग माणसं परत शेताच्या कामाला लागतात. पेरणी यातच कुठेतरी उरकलेली असते. पण पालखीचा सण म्हणजे नेमका कोणता सण, असं मला माझ्या पोरीनं विचारलं तेव्हा पटकन सांगता आलं नाही. कारण तो एक सण नाहीच. आळंदी ते पंढरपूर वाटेवर प्रत्येक गावानं आपापला सण या पालखीला जोडून दिला आहे. कुठं भंडारा, कुठं आंघोळ, कुठं घोडे, कुठं मेंढ्या.

आता आधी थोडा इतिहास, म्हणजे पुढचं समजेल. पंढरीची वारी ज्ञानेश्वरांच्याही आधीची. त्यांच्या घराण्यात ती होती, तुकाराम महाराजांच्या पूर्वजांच्या घरातही होती. पण पालखीत पादुका ठेवून, गाजावाजा करत जायची रीत तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये घातली. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीत येऊन ज्ञानोबांच्या पादुका घ्यायच्या आणि एकाच पालखीतून पंढरपूरला जायचं. म्हणून तर 'ज्ञानोबा-तुकाराम' असा जोडीचा गजर. पुढं देहूच्या घराण्यात मानपानाच्या हक्कांवरून वाद झाले. वाद कुठल्या घरात होत नाहीत? मग १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींची पालखी वेगळी सुरू केली.

हे हैबतबाबा आपल्याच सातारा जिल्ह्यातले, आरफळ गावचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. गावाकडं परत येताना सातपुड्यात त्यांना भिल्लांनी पकडून गुहेत कोंडलं, तिथं त्यांनी हरिपाठ म्हणत दिवस काढले, सुटका झाली आणि ते घरी न जाता आळंदीला राहिले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी-खोटी देव जाणे. पण माणूस लष्करातला होता हे पालखीकडं बघितलं की कळतं. रथापुढं सत्तावीस दिंड्या, त्यांचे क्रमांक ठरलेले, बाकीच्या रथामागं. पुढं घोडे. मुक्कामाला तंबू. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदारानं हातातला दंड वर केला, की लाखभर माणसांचा आवाज बंद. मग कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं, कुठल्या दिंडीची काय तक्रार आहे, ते तिथंच सगळ्यांदेखत सांगायचं. आपल्या गटाच्या मासिक बैठकीला पंधरा बायकांचा आवाज बंद करताना माझ्या नाकी नऊ येतात, म्हणून मला त्या दंडाचं फार कौतुक.

घोडे आणि तंबू बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. दरवर्षी घोडे अंकलीहून आळंदीपर्यंत पायी जातात, तिथून पुन्हा पंढरपूरला. दोन घोडे असतात. एकावर हातात पताका घेतलेला स्वार बसतो. दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. त्या रिकाम्या पाठीवर माउली बसलेली असते असं समजायचं.

आणखी एक सांगते. दिंडीत चालणारा माणूस जेवणखाणासाठी आधी जे पैसे भरतो, त्याला भिशी म्हणतात. आपण बायका चहा पीत चिठ्ठ्या टाकतो ती भिशी वेगळी, पण मूळ एकच, सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि पातेलं भरायचं. आपल्या बचत गटाचा इतिहास सांगताना साहेब लोक बांगलादेशपासून सुरुवात करतात. मी प्रशिक्षणात हळूच दिंडीची भिशीही सांगते.

असो. वाटेला लागू या.

पुण्यात पालखी दोन दिवस भवानी पेठेत राहते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. तिथलं सगळं टीव्हीवर दिसतं, म्हणून मी सांगत नाही. एकादशीला दिवे घाट. वाटेतला सगळ्यात लांबचा टप्पा, आणि त्यातच उपास. रथाला जादा बैलजोड्या लावून घाट चढवतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका त्या घाटात बघा. मानेला हात न लावता चढतात. वर गेलं की सासवड. इथं सोपानकाकांची समाधी, म्हणजे माउलींच्या धाकट्या भावाचं गाव. माउली इथं दोन दिवस थांबतात, आणि द्वादशीला सोपानकाकांची पालखी निघते ती वेगळ्या वाटेनं. पुढं पंढरपूरच्या अलीकडं, टप्प्याला दोन्ही पालख्या भेटतात तेव्हा माणसं रडतात. भावाला भाऊ भेटला म्हणून.

सासवडचं आणखी एक नातं आहे, ते पंढरपूरशी नाही तर आपल्या शिखर शिंगणापूरशी. चैत्रात शिंगणापूरला शंभू महादेवाचं लग्न लागतं. अष्टमीच्या रात्री शिव-पार्वतीचं लग्न. महादेवाच्या कळसापासून बळीच्या देवळाच्या कळसापर्यंत लांबलचक पांढरं कापड बांधतात. आणि द्वादशीला सासवडच्या बाजूच्या पंचक्रोशीतून भुतोजी तेली महाराजांची कावड येते. कऱ्हेचं पाणी भरलेले तांब्याचे मोठे रांजण, मध्ये दांडी, आणि ते घेऊन मुंगी घाटाचा उभा कडा चढायचा. दोर नाही. माणसांनी एकमेकांना धरून साखळी करायची आणि कावड हातोहात वर न्यायची. मी लग्नाआधी वडिलांबरोबर खालून बघितलंय. मान दुखेपर्यंत वर बघत होते. शिंगणापूरचं तळं शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजांनी बांधलं. उन्हाळ्यात या माणदेशाच्या कडेला पाण्याचा सण का होतो, हे ज्या बाईनं डोक्यावरून हंडा वाहिलाय तिला समजावून सांगावं लागत नाही. पालखीच्या वाटेवरचे सण म्हणजे फक्त आषाढातले असं धरू नका. नातेपुते, फलटण, सासवड ही गावं चैत्रात शिखराकडं तोंड करून उभी असतात आणि आषाढात पंढरीकडं.

सासवडनंतर जेजुरी. इथं मला जरा जास्त थांबायचंय.

वारकरी म्हणजे बुक्का आणि गोपीचंदन, काळं आणि पांढरं. जेजुरीत पालखी आली की सगळं पिवळं होतं. गावकरी माउलींवर भंडारा उधळतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेले म्हातारे त्या हळदीत न्हाऊन निघतात आणि खंडोबाला हात जोडतात. कुणी म्हणत नाही की हा शैव आणि मी वैष्णव. खंडोबाचं घर तरी कसलं? म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. दोन सवती, दोन जाती, दोन्हींचं देऊळ. एरवी जेजुरीचे मोठे सण म्हणजे सोमवती अमावास्या, तेव्हा खंडोबाची पालखी गडावरून उतरून कऱ्हेवर आंघोळीला जाते, मार्गशीर्षात चंपाषष्ठीचे सहा दिवस, आणि दसरा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खंडा उचलायची स्पर्धा असते. ती तलवार बेचाळीस किलोची. गडी एका हातानं उचलतात, दातांनी उचलतात, टाळ्या पडतात.

पण जेजुरीच्या इतिहासात मुरळीही आहे, आणि बायकांच्या मासिकात ती गाळून पुढं जाणं मला जमणार नाही. नवस फेडायला मुलगी खंडोबाला सोडायची, देवाशी तिचं लग्न लावायचं, म्हणजे माणसाशी लागायचं नाही. गाणं गायचं, वाघ्याबरोबर फिरायचं, आणि गावाच्या नजरेत राहायचं. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' नावाचं मासिक काढलं होतं. त्यात त्यांनी मुरळ्यांना हे जिणं सोडायचं आवाहन केलं. त्याला शिवूबाई नावाच्या एका मुरळीनं पत्रानं उत्तर दिलं. ते पत्र मासिकात छापलं गेलं आणि कांबळ्यांच्या एका सहकाऱ्यानं तिच्याशी लग्न केलं. विचार करा, शंभर वर्षांपूर्वी, दलित घरातली, देवाला सोडलेली बाई, आणि तिचा आवाज छापील कागदावर आला. पुढं १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. आपण जेजुरीत भंडारा घेऊन येतो, सहलीत फोटो काढतो. पुढच्या वेळी पायऱ्या चढताना शिवूबाईचं नाव एकदा घ्या.

जेजुरीनंतर वाल्हे, ते वाल्मीकींचं गाव मानतात. मग नीरा. नदीच्या अलीकडं पुणे जिल्हा, पलीकडं आपला सातारा. पाडेगावला दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात, आणि मग पालखी आपल्या जिल्ह्यात पाऊल टाकते. हे स्नान पुरतं काही मिनिटांचं. पण माणसं पहाटेपासून काठावर बसलेली असतात. तुकोबांच्या पालखीचंही नीरास्नान होतं, खाली सराटीला. एकच नदी, दोन ठिकाणी, दोन संतांचे पाय धुते.

मग लोणंद. आणि लोणंदहून तरडगावला निघालं की वाटेत चांदोबाचा लिंब. इथं माउलींच्या वाटेवरचं पहिलं उभं रिंगण होतं. पुढं सदाशिवनगर, खुडूस, ठाकूरबुवांची समाधी, वाखरीजवळ बाजीरावाची विहीर, अशी बरीच रिंगणं होतात, गोल आणि उभी. पण पहिलं आपलं. वारकरी रस्त्याच्या दोन्ही कडेला रांगेत उभे राहतात, मधली वाट मोकळी. टाळ वाजत असतात. चोपदार इशारा करतात आणि घोडे त्या मधल्या वाटेनं सुसाट सुटतात, रथापर्यंत जातात, परत येतात. पुढं स्वाराचा, मागं माउलींचा. घोडे गेले की माणसं वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. त्यानंतर फुगड्या, हुतूतू, एकमेकांच्या खांद्यावर चढणं. सत्तर वर्षांचे आजोबा पोरासारखे उड्या मारतात.

हे मी इतकं सांगतेय, पण खरं सांगू का, लग्न होऊन या गावात आल्यावर पहिली आठ वर्षं मी ते बघितलं नव्हतं. आमचं घर चांदोबाच्या लिंबापासून तीनेक किलोमीटरवर. रिंगण होतं दुपार कलल्यावर. आणि त्याच वेळी आमच्या गावातल्या बायका चुलीपुढं असतात, कारण रात्री पालखी तरडगावला मुक्कामाला, आणि दिंड्यांना भाकरी जायची असते. आवाज यायचा. टाळांचा नाही, माणसांच्या ओरडण्याचा. तो आला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पिठाचे हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "सुटलं बघ घोडं." आणि पुढची भाकरी थापायच्या.

गेल्या वर्षी या रेडिओसाठी मी आसपासच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांना विचारत फिरले, पालखीची तुमची आठवण काय? एकीनंही रिंगण सांगितलं नाही. सगळ्यांनी भाकरीच सांगितली. घरटी किती भाकऱ्या लागायच्या, पाटी कुणाच्या डोक्यावर जायची, जात्यावर दळण कधी काढायचं. गिरणी यायच्या आधी पंधरा दिवस रोज पहाटे दळायच्या म्हणे. एकीनं बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं. खडी फोडायच्या कामावर जायची, सुकडी मिळायची, आणि रेशनला लाल मिलो. त्या मिलोची भाकरी थापताना कडेनं फाटायची. "पालखीला फाटकी भाकर कशी द्यायची, म्हणून रडले होते," असं ती म्हणाली. मग दिली का, विचारलं. "दिली की. त्यानं खाल्ली की." हैबतबाबांची शिस्त पुस्तकात आहे, शितोळ्यांच्या घोड्यांचा मान पुस्तकात आहे. पण त्या सगळ्या लष्कराला रोज रात्री जेवायला कुणी घातलं, ते मला बीएच्या कुठल्या धड्यात सापडलं नव्हतं. इरावती कर्वे स्वतः दिंडीबरोबर चालल्या होत्या आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी लिहून ठेवलंय, की एकाच दिंडीत चालणाऱ्या बायकांच्या पंगती जातीप्रमाणं वेगळ्या बसायच्या. त्यांना ते टोचलं होतं. म्हणजे ताटाकडं बघणारी एक बाईच निघाली.

आता आमच्या गटाचं सांगते, कारण त्यावरून गावात बोलणं झालंय आणि ते तुमच्या कानावर आलंच असेल.

काही वर्षांपूर्वी एका दिंडीनं आमच्या गटाला भाकऱ्यांची ऑर्डर दिली. बाराशे भाकऱ्या, एका भाकरीचे आठ रुपये. दीड क्विंटल पीठ. चौदा जणी, एकीच्या वाट्याला पंच्याऐंशी-नव्वद भाकऱ्या आल्या. पीठ आणि सरपण गटाच्या पैशातून घेतलं, आगाऊ काही मागितलं नाही, देवाच्या कामाला कसलं विसार, असं म्हणून. भाकऱ्या गेल्या. नऊ हजार सहाशे यायचे ते पाच हजार आले. उरलेले मागितले तर उत्तर मिळालं, "ताई, वारीत पुण्य मिळतं, पैसे काय मोजता?" ती दिंडी कुठली ते मी सांगणार नाही. पण त्या चार हजार सहाशेमध्ये दोन विधवा बायकांची महिन्याची बचत होती.

घरी त्याहून मोठा वाद झाला. आत्याबाई म्हणाल्या, भाकरीचे पैसे घेणंच चूक. मी चाळीस वर्षं फुकट घातल्या, कधी कमी पडलं नाही. मी म्हणाले, तुमच्या घरात ज्वारी पिकत होती. जिच्या घरात पिकत नाही, तिनं काय करायचं? तिनंही पुण्य उधारीवर घ्यायचं का? दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मग त्यांनीच तोड काढली. पहिल्या पाच भाकऱ्या प्रत्येकीनं आपल्या घरच्या पिठाच्या करायच्या, त्या माउलीला, त्याचा हिशोब नाही. सहाव्या भाकरीपासून वहीत लिहायचं. आणि निम्मे पैसे आधी. हा नियम आजवर चाललाय. काही जणांना तो पटत नाही. नाही तर नाही.

आगाऊ पैसे आले, तेव्हा दोन मोठे तवे आणि गॅसची एक भट्टी घेता आली. मग आम्ही सकाळी आठलाच परात ओढली. दुपारी दोनला शेवटची भाकरी तव्यावरून उतरली. टेम्पो भरून दिला, आणि चौदा जणी, पिठाच्या साड्यांनी तशाच, लिंबाकडं चालत निघालो. आत्याबाईंना मोटारसायकलवर पुढं पाठवलं. त्या एकेचाळीस वर्षं या गावात राहतात. रस्त्याच्या कडेला त्यांना उभं केलं, पुढं टाळकऱ्यांची रांग. गर्दी हलली, आरडाओरडा झाला, काहीतरी पांढरं-भगवं समोरून गेलं आणि लगेच परत आलं. संपलं. आत्याबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "गेलं पण?" आणि एकदम हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "एवढंच व्हय गं! मला वाटलं तासभर पळत असतील." मग वाकून मूठभर माती घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. ती गाठ घरी आल्यावर तुळशीत सोडली.

फलटणला पालखीचा तळ विमानतळावर पडतो. आपलं फलटण रामाचं. इथला मोठा सण म्हणजे मार्गशीर्ष महिन्यातला रामाचा रथ, गावभर ओढत नेतात. राममंदिर आणि रथाची रीत नाईक-निंबाळकर घराण्यातल्या सगुणामातांची, असं फलटणकर सांगतात. एका बाईनं घातलेली रीत आजही चालू आहे, आणि तिच्या नावानं सांगितली जाते, हे विशेष. शिवाजी महाराजांच्या सईबाईही याच घराण्यातल्या. आणि फलटणला महानुभावांचीही मोठी यात्रा भरते चैत्रात. रामाचं, चक्रधरांचं आणि वाटेनं जाणाऱ्या विठ्ठलाचं, तिन्ही एकाच गावात सुखानं नांदतं.

धर्मपुरीपासून सोलापूर जिल्हा लागतो. पुढचं भराभर सांगते. वेळापूरच्या अंगाला भारूड होतं. भारुडात बाप्ये बायकांचं सोंग घेतात आणि सासू-नणंदेच्या तक्रारी सांगतात, बायका पोट धरून हसतात. आमच्या तक्रारी आमच्या तोंडून ऐकल्या असत्या तर कुणी हसलं नसतं. तिथंच उतारावर धावा. तुकाराम महाराजांना या टेकाडावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते पळत सुटले, म्हणून सगळी दिंडी उतारावरून पळते. वेळापुरात यादवांच्या काळातलं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ आहे, अर्धा शंकर आणि अर्धी पार्वती. गर्दीत ते बघायचं राहून जातं. बघून या.

तुकोबांच्या वाटेवरचे सण वेगळे. देहूतून निघाल्यावर पालखीची पहिली आरती होते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. यवतला पिठलं-भाकरी, तीही ट्रॅक्टर भरून. काटेवाडीला परीट समाज पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगर मेंढ्यांचं रिंगण करतात. शेकडो मेंढ्या रथाभोवती पळतात. त्यात किती भक्ती आणि किती धनगराची शिट्टी, ते त्यालाच माहीत, पण दिसायला घोड्यांपेक्षा गोड दिसतं असं माझ्या पोरीचं मत.

आणि दोन बायकांच्या पालख्या. जळगाव जिल्ह्यातून मुक्ताबाईची निघते, महिनाभर चालते, खानदेश, विदर्भ, मराठवाडा करत. बीडला तिच्या आजोबांची, गोविंदपंतांची समाधी आहे, तिथं आजोबा-नातीची भेट होते. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीची येते. ते तिचं माहेर. ही पालखी चारशे वर्षांहून जुनी सांगतात. बाकीचे संत विठ्ठलाच्या दर्शनाला जातात, रुक्मिणी मात्र माहेरहून सासरी निघालेली असते. ज्या सासुरवाशिणीला आषाढात माहेराहून परत यायला लागलंय, तिला या दोन्हीतला फरक कळेल.

वाखरीला सगळ्या पालख्या जमतात. नामदेवांची पालखी पंढरपुरातून सामोरी येते. दशमीला एकेक पालखी गावात शिरते, सगळ्यांत शेवटी माउलींची. पंढरपुरात देवळाच्या दाराशी आल्यावर एक गोष्ट आठवा. हे दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं होतं. आणि २०१४ पासून रुक्मिणीची पूजा करायला बायका पुजारी आल्या. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. तिथं जनाबाईचं जातं दाखवतात. दळणारी बाई होती ती, आणि जात्यावर बसून तिनं विठ्ठलाला कामाला लावला.

२०२० आणि २०२१ साली महामारीमुळं पादुका एसटीनं गेल्या. त्या दिवशी आमच्या फाट्यावर बायका नुसत्या उभ्या होत्या. बस गेली, हात जोडले, झालं. घरात पीठ होतं आणि थापायला कुणी नव्हतं. आता रस्ता चौपदरी झालाय, राष्ट्रीय महामार्ग ९६५. गाडीनं जाणं सोपं झालं. पण सावलीची जुनी झाडं पुष्कळ गेली, आणि दुपारी चालणाऱ्या बायकांना बसायला जागा राहिली नाही. नवीन झाडं लावली आहेत, ती अजून गुडघ्याएवढी.

शेवटी परतवारीचं सांगते. काला झाला की पालखी परत फिरते आणि आळंदीला पोचते. येताना लाखो माणसं, जाताना अगदी थोडी. टीव्ही नाही, स्पीकर नाही, मोठे टँकर नाहीत. जाताना अठरा दिवस लागलेली वाट येताना दहा दिवसांत संपवायची, म्हणून चाल मोठी. आपल्या फाट्यावर ती थांबली तर पाच मिनिटं थांबते. पण त्या पाच मिनिटांत पादुकांवर डोकं ठेवता येतं, कुणी ढकलत नाही, आणि विणेकऱ्याला विचारता येतं की पाऊस कुठवर होता. आत्याबाईंची खरी वारी ती आहे, असं त्या म्हणतात.

या वर्षी परतीच्या दिवशी आमचा गट फाट्यावर चहा आणि गुळाच्या दशम्या ठेवणार आहे. हा खर्च गटाचा, वहीत लिहायचा नाही असं बैठकीत ठरलंय. आसपासच्या गटांतल्या ज्यांना यायचंय त्यांनी या. पालखी नेमकी कधी येईल ते आदल्या रात्री कळतं, आपल्या रेडिओवर सकाळच्या सूचनांमध्ये सांगू. येताना आपापला पेला आणा, कागदी कप ठेवणार नाही. आणि कुणाच्या घरात जात्यावरच्या जुन्या ओव्या येणारी म्हातारी असेल, तर तिला घेऊन या. रेकॉर्डिंगचं यंत्र त्या दिवशी माझ्याजवळ असणार आहे.